शबकिया, काला मोतिया आणि हैदराबाद

हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या 1888 साली स्थापन झालेल्या संस्थेने दुर्मिळ अरबी हस्तलिखिते संपादून छापली. तिच्या या कार्याची चर्चा प्रायः हदीस व इतिहास या विषयांपुरती होते. नेत्रविद्येतील कार्य मराठी अभ्यासकांना फारसे परिचित नाही. इब्न अल-हैसम यांच्या 'किताबुल मनाजिर'वरील कमालुद्दीन फारसी यांचे 'तनकीहुल मनाजिर' हे भाष्य येथून 1928 ते 1930 या काळात दोन खंडांत निघाले. अकराव्या शतकातील बगदादचे नेत्रवैद्य अली इब्न ईसा यांचा 'तजकिरतुल कह्हालीन' 1964 साली छापला गेला. 'कह्हाल' म्हणजे नेत्रवैद्य. हा शब्द 'कुहल', म्हणजे सुरमा, यावरून आला आहे.

डोळ्याच्या मागील पडद्यास हे ग्रंथकार 'तबका शबकिया', म्हणजे जाळीसारखा थर, म्हणतात. मराठीत आपण दृष्टिपटल म्हणतो. परंतु गॅलेनच्या परंपरेत पाहण्याचे काम भिंगाचे होते. शबकिया पोषण पोहोचवणारी, आणि मज्जातंतू हा 'रूह' वाहून नेणारी पोकळ नळी. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो हे इब्न अल-हैसम यांनी सिद्ध केले, तरी दृष्टीचे स्थान त्यांनीही भिंगातच ठेवले. प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते हे केप्लरने 1604 मध्ये मांडले आणि त्या पटलातील पेशींचे थर काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेखाटले. तेव्हा "हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते" असे वर्गात सांगणे त्या ग्रंथकारांवरच अन्याय करणारे आहे.

त्यांचे खरे सामर्थ्य निरीक्षणात दिसते. मोतीबिंदूवर सुई चालवण्यापूर्वी कह्हाल रुग्णाचा एक डोळा झाकून दुसऱ्याची बाहुली रुंदावते का, ते पाहत. न रुंदावल्यास मज्जातंतू बंद आहे, शस्त्रक्रिया व्यर्थ जाईल, असे मानत. गॅलेनपासून चालत आलेल्या या परीक्षेमागील 'रूह'ची उपपत्ती चुकीची होती, पण प्रश्न अचूक होता: भिंगापलीकडचे शाबूत आहे काय? आजचे डॉक्टर दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने बॅटरीचा झोत टाकून बाहुल्यांची तुलना करतात, त्यातही हाच प्रश्न आहे.

दृष्टिपटलातील गँग्लियन पेशींचे सुमारे दहा लाख किंवा त्याहून अधिक तंतू एकत्र येऊन नेत्रतंतू बनतो. काचबिंदूत याच पेशी हळूहळू मरतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आरंभी कडेची दृष्टी जाते, समोरचे वाचता येते, म्हणून रुग्णास काहीच कळत नाही. डोळ्यातील दाब वाढणे हे मोठे कारण असले तरी दाब सामान्य असतानाही हा रोग होतो. हातातील सिद्ध उपाय मात्र दाब कमी करणे हाच.

हैदराबादेत 1987 साली सुरू झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने 1996 ते 2000 या काळात आंध्र प्रदेशात मोठे नेत्रसर्वेक्षण केले. त्यात हैदराबाद शहरातील 2522 व्यक्ती तपासल्या गेल्या. 27 जणांना मुक्तकोन प्रकारचा काचबिंदू निश्चितपणे आढळला. त्यांपैकी केवळ 2 जणांचे निदान आधी झाले होते.

येथे भाषेचाही दोष आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उर्दूत या रोगास 'काला मोतिया' म्हणतात, मराठीत काचबिंदू. दोन्ही नावे त्याला मोतीबिंदूचा भाऊ ठरवतात. मोतिया पिकला की काढता येतो हे घरोघरी ठाऊक असते, त्यामुळे काला मोतियाही पिकू द्यावा असे ऐकणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. वास्तविक पहिल्यात बिघाड भिंगात असतो आणि ते बदलता येते. दुसरा शबकियेचा रोग आहे, आणि तिथे गेलेली दृष्टी कोणतीही शस्त्रक्रिया आज परत आणत नाही.