डार्विन, आजारपण आणि वेली

डार्विन म्हटलं की आपल्याला माकडं आठवतात, फार तर गालापागोसची कासवं. पण या माणसाने कितीतरी महिने वेली वर कशा चढतात हे बघण्यात घालवले, हे मला फार उशिरा, घेवड्याला मांडव घालायच्या निमित्ताने वाचताना कळलं.

सुरुवात झाली अमेरिकेतून. आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये वेलींच्या तणाव्यांवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. पुढे त्याने डार्विनला काकडीच्या कुळातल्या एका रानवेलीचं बी पाठवलं. केंटमधल्या डाउन गावी, आपल्या घरी, डार्विनने ते लावलं. वेलीचे तणावे हवेत गोल फिरत आणि जवळ ठेवलेली काठी बरोबर शोधून काढत. शेजारचा एक माळी तर म्हणायला लागला, की यांना दिसतं!

१८६३ च्या शरदापासून पुढचे काही महिने डार्विन फार आजारी होता. उलट्या आणि अशक्तपणा इतका, की मोठं काम अशक्य. त्या काळात त्याने हॉपचं रोप कुंडीत लावून आपल्याच खोलीत ठेवलं. रात्रंदिवस त्याच खोलीत अडकलेला हा माणूस शेंड्याच्या फेऱ्या मोजत राहिला. उबदार हवेत दिवसा एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं! यातूनच १८६५ मध्ये लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात शंभरावर पानांचा निबंध आला आणि १८७५ मध्ये त्याचं पुस्तक झालं.

त्याने जे वेगळं करून दाखवलं ते परसबागेत आजही उपयोगी आहे. घेवडा, वाल, चवळी स्वतःच आधाराला वेढे घालतात. त्यांना बारीक काठी किंवा सुतळी पुरते, जाड खांब मात्र कवेत येत नाही. काकडी, दुधी, कारलं, पडवळ तणाव्यांनी धरतात, म्हणून त्यांना जाळी हवी. तणावा पकडला की मळसूत्रासारखा वळतो. दोन्ही टोकं अडकलेली असल्याने अर्धा एका दिशेला आणि अर्धा उलट. ही स्प्रिंग वाऱ्याचा हिसका झेलते. हे बघायला डार्विन मुद्दाम वादळात कुंपणापाशी जाऊन उभा राहिला होता. ही स्प्रिंग नेमकी कशी वळते, याचा उलगडा काकडीच्या तणाव्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी २०१२ मध्ये केला. म्हणजे प्रश्न दीडशे वर्षं पुरला.

माझे वडील शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर होते. आईने खिडकीच्या गजांवर कारल्याचा वेल चढवला होता. "आज वरच्या गजाला पोचला," हे ते आल्यागेल्याला सांगत. त्या दिवसांत घरात रोज सांगण्यासारखी तेवढी एकच चांगली बातमी असायची. डार्विनच्या खोलीतल्या हॉपबद्दल वाचताना मला म्हणूनच विज्ञानाच्या आधी ती खिडकी दिसली. माणूस जागचा हलू शकत नाही, तेव्हा हलणारं काहीतरी समोर लागतं.

डार्विनचा निष्कर्ष साधा आहे. झाडाला उजेडापर्यंत पोचायला जाड खोड बांधावं लागतं. वेल दुसऱ्याच्या आधाराने, फारच थोड्या खर्चात तिथे पोचते. आपल्याकडे परावलंबी माणसाला वेलीची उपमा देतात, तीही जरा कीव करत. पण वेल आयती बसत नाही. आधार सापडेपर्यंत ती तासन्‌तास स्वतःच फिरत असते, शोधत असते.

असो. यंदा वेलीचा घेवडा लावलात, तर सुतळी बांधण्याआधी शेंडा कुठे आहे ते भिंतीवर खडूने टिपून ठेवा आणि तासाभराने पुन्हा बघा. वरून पाहिलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सरकलेला असेल. सुतळीला वेढा द्यायचा तो त्याच दिशेने. उलटा दिलात तर तो सोडवून घेईल.