माळशेजच्या पावसात ट्रक-पिकअपला टायर कोणते? रिब, लग, रिमोल्ड आणि नक्षीची खोली

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा लिलाव झाला की घाई सुरू होते ती गाड्यांची. क्रेट मोजून पिकअपमध्ये किंवा ट्रकमध्ये चढतात, वर ताडपत्री येते, दोर आवळला जातो आणि गाडी निघते. कल्याण-मुंबईकडचा माल आळेफाटा, ओतूर, मढ असा करत माळशेज घाट उतरतो. पुण्याकडचा मंचर-खेडमार्गे जातो. टोमॅटो थांबत नाही आणि भावही थांबत नाही. जुलै २०२३ मध्ये याच बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून जास्त भाव मिळाला होता आणि पुढच्या दोन महिन्यांत तो पार कोसळला होता. त्यामुळे गाडीवाल्याला पोहोचायची घाई असते, ती नेमकी पावसाळ्याच्या दिवसांत.

या घाईत गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये असतं ते फक्त रबर. भरलेल्या ट्रकच्या प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण दोन तळहातांएवढा असतो. ब्रेक, स्टिअरिंग, गिअर हे सगळं शेवटी तेवढ्याच जागेतून काम करतं.

ओल्या रस्त्यावर नेमकं काय होतं?

कोरड्या डांबरावर गुळगुळीत झालेला टायरही बरी पकड घेतो. घोळ होतो तो इथेच. उन्हाळाभर गाडी नीट थांबत असल्यामुळे टायर 'अजून चालतील' असं वाटत राहतं. पाऊस पडला की रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा येतो. ते पाणी बाजूला सारण्याचं काम टायरवरच्या नक्षीतले चर करतात. चर उथळ झाले की पाण्याला जायला वाट उरत नाही आणि टायर रस्त्याऐवजी पाण्यावर टेकतो. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात.

पहिल्या पावसाचे एक-दोन तास सर्वांत वाईट. वर्षभर साचलेलं तेल, रबराची भुकटी आणि धूळ यांचा पाण्यात राडा होतो आणि तो जोरदार सर येऊन धुतला जाईपर्यंत रस्त्यावरच राहतो. जुन्नर-आंबेगावात यात शेतातल्या चिखलाची भर पडते. ट्रॅक्टर रानातून थेट हमरस्त्यावर येतात आणि त्यांच्या चाकांतली काळी माती पुढचे शंभर-दोनशे मीटर डांबरावर पडत जाते.

कायदा किती खोली मागतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी-तीनचाकी सोडून बाकी वाहनांच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. हे मोजायला यंत्र लागतंच असं नाही. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं असतात. त्याच्या सरळ रेषेत चराच्या तळाशी रबराचा एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर कायद्याने संपला.

पण कायद्याने संपण्याच्या आधीच टायर पावसाने संपलेला असतो. अमेरिकेत ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना बाकीच्या चाकांच्या दुप्पट, म्हणजे ३.२ मिलिमीटर खोली सक्तीची आहे. कारण उघड आहे. मागचं एखादं चाक घसरलं तर गाडी सावरायला वाव असतो, पुढची दोन्ही घसरली तर स्टिअरिंग फिरवून काहीच होत नाही. आपल्याकडे असा वेगळा नियम नाही. तरी माळशेज किंवा भीमाशंकरच्या रस्त्याला नेहमी जाणाऱ्या गाडीने पावसाळ्यापुरता तरी हाच आकडा धरावा. १.६ वर आलेली पुढची जोडी मे महिन्यात बदलणं आणि ऑगस्टमध्ये बदलणं यात खर्च सारखाच आहे.

रिब की लग?

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न हाच असतो. रिब टायरवर गोलाकार, सलग जाणारे सरळ चर असतात. पाणी त्यांतून मागे फेकलं जातं, स्टिअरिंग नेमकं राहतं आणि टायर कमी तापतो. म्हणून पुढच्या चाकांना रिबच हवा. लग टायरवर जाड, आडवे ठोकळे असतात. ते माती-मुरमात रुतून गाडी ओढतात, त्यामुळे ओढीच्या म्हणजे मागच्या चाकांना लावतात. दोन्हींच्या मधला प्रकार सेमी-लग.

नारायणगाव ते कल्याण असा पूर्ण डांबरी प्रवास करणाऱ्या ट्रकला मागे पूर्ण लग लावण्यात फारसा फायदा नाही. ठोकळ्यांमुळे डांबराला टेकणारं रबर कमी होतं, टायर आवाज करतो आणि जास्त तापतो. अशा गाडीला मागे सेमी-लग किंवा रिब पुरतो. पण जी पिकअप आदिवासी पट्ट्यातल्या वाड्यांतून किंवा शेताच्या बांधावरून माल उचलते, तिचं गणित वेगळं. शेवटचा अर्धा किलोमीटर चिखलाचा असेल तर मागे लग नसलेली गाडी तिथेच बसते आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. थोडक्यात, टायर गाडीचं मॉडेल बघून घ्यायचा नसतो. ती कोणत्या रस्त्याला जाते ते बघून घ्यायचा असतो.

नायलॉन की रेडियल, हा दुसरा प्रश्न. रेडियलची बाजूची भिंत लवचीक असते आणि तळ सपाट टेकतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड बरी मिळते आणि टायर कमी तापतो. नायलॉनच्या भिंती जाड असतात. दगड-धोंड्यांचा मार आणि वाजवीपेक्षा जास्त भार तो अधिक सोसतो, शिवाय स्वस्त पडतो. दोन्हींत वाईट असं काही नाही. वाईट आहे ते एकाच आसावर एक नायलॉन आणि एक रेडियल लावणं. ब्रेक लागताच दोन चाकं दोन वेगळ्या तऱ्हेने वागतात आणि गाडी एका बाजूला ओढते. पंक्चर झाल्यावर घाईत बसवलेली स्टेपनी हे याचं नेहमीचं कारण.

रिमोल्ड टायर चालतात का?

चालतात, पण जागा बघून. ट्रकच्या टायरचा सांगाडा चांगला असेल तर त्यावर नवी नक्षी चढवता येते आणि जगभर तशी चढवली जाते. मागच्या जोड चाकांना किंवा ट्रेलरला रिमोल्ड लावण्यात गैर नाही. शेजारी दुसरं चाक असतं, एक फाटलं तरी गाडी तोलून धरली जाते. पुढे तसं नसतं. पुढचा टायर सोलला तर गाडी त्याच बाजूला वळते आणि माळशेजमध्ये ती बाजू दरीची असू शकते. अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड लावायला बंदी आहे, तीही याच कारणाने.

जुना किंवा वापरलेला टायर घेताना तारीख बघावी. टायरच्या कडेला 'डॉट' या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर असली तरी रबर वयाने कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर असा टायर पकडत नाही. उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचे टायर हमखास असे असतात.

नवा टायर घेताना आयएसआय खूण असावीच, ती सक्तीची आहे. त्याशिवाय केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळण्याचा रोध आणि आवाज यांची मानकं अधिसूचित केली. ऑक्टोबर २०२२ पासून बाजारात येणाऱ्या नव्या रचनेच्या टायरना ती लागू झाली. कारइतकीच ती ट्रक-बसच्या टायरनाही आहेत.

रिकामी गाडी जास्त घसरते, ती का?

हे अनेकांना उलटं वाटतं. भरलेला ट्रक थांबायला वेळ घेतो हे खरं. पण पाण्यावर तरंगण्याचा धोका रिकाम्या ट्रकला जास्त असतो. नासात विमानांच्या टायरवर काम केलेले अभियंते वॉल्टर हॉर्न यांनी १९८०च्या दशकात याचं कारण मांडलं. भार असताना टायर दबून रस्त्याला लांबट टेकतो आणि पुढचं पाणी कापत जातो. भार उतरला की तोच टायर, तितकीच हवा असून, आखूड आणि रुंद टेकतो. मग हमरस्त्याच्या नेहमीच्या वेगातही पाणी त्याला उचलू शकतं.

म्हणजे क्रेट उतरवून परत येणारी मोकळी गाडी, तिचा रात्रभर जागलेला चालक आणि घरी पोहोचायची ओढ, हा परतीचा प्रवास जास्त जपून करण्याचा आहे. घाट उतरताना इंजिन ब्रेक लावायची सवय चांगली, पण रिकाम्या गाडीला ओल्या वळणावर तो एकदम जोरात लागला तर मागची चाकं अडतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. गिअर उतार सुरू होण्याआधी कमी करावा, वळणात नाही.

हवेचंही तसंच. 'पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते' हा समज डांबरी रस्त्याला आणि ट्रकला लागू नाही. हवा कमी असली तर टायरचा मधला भाग आत दबतो, चर मिटतात, पाणी बाहेर जात नाही आणि भिंती तापून टायर फुटतो. कंपनीने सांगितलेली हवा, टायर थंड असताना तपासलेली, इतकंच पुरे. जोड चाकांमधलं आतलं चाक तपासायचा कंटाळा केला जातो. त्यात हवा कमी असेल तर सगळा भार बाहेरच्यावर येतो आणि ते बाहेरून ठणठणीत दिसत असतानाच फुटतं. दोन चाकांच्या मध्ये अडकलेला दगडही निघताना काढावा.

उसाच्या ट्रॉलीचं काय?

पाऊस ओसरता ओसरता ऊस सुरू होतो. जुन्नरमध्ये निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि आंबेगावात पारगावचा भीमाशंकर, या दोन्ही कारखान्यांकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचे तिरके उंच दांडे शेतासाठी बनलेले आहेत. डांबरावर फक्त त्या दांड्यांची टोकं टेकतात. अवकाळी पावसात भिजलेल्या रस्त्यावर मागून दोन ट्रॉल्यांचा ऊस ढकलत असताना ही टोकं पुरी पडत नाहीत. त्यात बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात.

ट्रॉलीला ट्रकचे काढून टाकलेले टायर बसवणं ही सर्रास पद्धत आहे. ती परवडते म्हणून टिकली आहे आणि नुसतं 'नको' म्हणून ती थांबणारही नाही. पण निदान दोन्ही बाजूंना एकाच मापाचे, सारख्या झिजेचे टायर असावेत. एक बाजू खाली राहिली तर उंच रचलेला ऊस तिकडेच कलतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवतात, त्याने चढावर पुढची चाकं उचलली जाण्याचा धोका मात्र कमी होत नाही. त्यासाठी वजन पुढे लावावं लागतं.

आणि बर्फाचे टायर?

उत्तरेकडे माल घेऊन जाणाऱ्या चालकांकडून हिवाळी टायरची चर्चा ऐकू येते. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं आणि साधारण ७ अंशांच्या खालीही ते मऊ राहतं. नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. कडेला तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी अशी खूण असते. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर असे टायर बंधनकारक आहेत आणि जड ट्रकना जुलै २०२० पासून ते पुढच्या चाकांनाही लागतात. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ऑक्टोबरमध्ये गाडीचे टायर बदलून घेणं सवयीचं झालं आहे.

जुन्नरच्या थंडीत मात्र ते लावून उपयोग नाही. पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी रस्ता तापतो आणि मऊ रबर भराभर झिजतं. काश्मीर किंवा मनालीकडे एखादी खेप असेल तर चाकांवरच्या साखळ्या सोबत ठेवणं जास्त व्यवहार्य. त्या ओढीच्या चाकांना लावायच्या, हळू चालवायचं आणि डांबर लागताच काढायच्या. गाडीला हवे असलेले टायर पावसाळ्याचे आहेत, हिवाळ्याचे नाहीत.

पावसातलीही एक गोष्ट टायरच्या हाताबाहेरची आहे. आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गेलं आणि १५१ जणांचा बळी गेला. याच डोंगररांगांतून हे रस्ते जातात. संततधार सुरू असताना माळशेज बंद असल्याचं कळलं तर आळेफाट्यालाच थांबावं किंवा दुसरा रस्ता धरावा. थांबलेल्या मालाचं नुकसान मोजता येतं.

नवे टायर बसवल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवावी, कारण साच्यातून निघालेल्या रबरावरचा गुळगुळीत थर जायला तेवढं अंतर लागतं. आणि चाकांचे नट पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून घ्यावेत. नारायणगावात टायर बसवून निघालेल्या गाडीने हे काम घाट उतरल्यावर टोकावड्याला नव्हे, घाट लागायच्या आधी मढला उरकावं.