थिंगव्हेलिरचा पाठ कायदा

आइसलँडची राजधानी रेक्याविकपासून थिंगव्हेलिर तासाभराच्या आत येतं. जुनी संसद पाहायची म्हणून गेलो, तर ना भिंत, ना छप्पर! काळ्या खडकाची लांबलचक दरी, खाली गवत आणि नदी. इ.स. 930 पासून मुखिये आणि शेतकरी दर उन्हाळ्यात इथे जमत.

कायदा लेखी नव्हता. तीन वर्षांसाठी निवडलेला 'कायदा सांगणारा' खडकावर उभा राहून दरवर्षी एकतृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणे. मला आपले हाफिज आठवले. तो राजा नव्हता, त्याच्या हाताखाली शिपाईही नव्हते. इ.स. 1000 च्या सुमारास ख्रिस्ती आणि जुन्या दैवतांना मानणारे अशी उभी फूट पडली, तेव्हा निवाडा त्या पदावरच्या थोरगेइरकडे आला. तो स्वतः जुन्या धर्माचा. दिवसरात्र पांघरूण घेऊन तो पडून राहिला, असं जुन्या बखरीत आहे. उठून त्याने सांगितलं, कायदा सर्वांना एकच हवा, सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा; जुनी पूजा कोणी चोरून केली तर चालेल. आपल्याच लोकांविरुद्ध निकाल! आणि लोकांनी तो मानला.

1117-18 च्या हिवाळ्यात कायदा लिहायला घेतला. पुढे परक्या राजांचा अंमल आला. इथल्याच नदीत एक डोह आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत व्यभिचार, बालहत्या अशा आरोपांवरून 18 बायकांना त्यात बुडवून मारलं.

कायदा सांगणारा नेमका कुठे उभा राहत असे, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. डोहाची जागा मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.