स्लॅमबुकातील दहा प्रश्न आणि तळवलीची उत्तरे

#थ्रेड #इतिहास #नवीमुंबई

१/ विद्यापीठात नव्याने ओळख झालेल्या एका मैत्रिणीने मला दहा प्रश्न पाठविले. गाव कोणते, आवडता पदार्थ कोणता, आवडते गाणे, आवडते ठिकाण, छंद, आदर्श व्यक्ती, असे. शाळेतल्या स्लॅमबुकात असतात तेच. उत्तरे लिहू लागले तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. या प्रश्नावलीला स्वतःचा इतिहास आहे, आणि ज्याला आपण ‘आपली आवड’ म्हणतो तिच्या मुळाशीही इतिहास आहे. आजचा थ्रेड या दोहोंविषयी.

२/ प्रथम प्रश्नावलीकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत छापील प्रश्नांच्या वह्या लोकप्रिय होत्या. घरी आलेल्या पाहुण्याने किंवा मित्राने त्यात उत्तरे लिहावीत, असा तो खेळ. आवडता रंग, आवडता लेखक, आवडता गुण, न आवडणारा दुर्गुण, आवडता नायक. प्रश्न सर्वांना सारखेच असल्यामुळे माणसांची तुलना करता येई आणि त्यातच खेळाची गंमत होती.

३/ या खेळातून कार्ल मार्क्सही सुटला नाही. १८६५ साली आपल्या मुलींच्या घरगुती प्रश्नावलीला त्याने दिलेली उत्तरे आज उपलब्ध आहेत. आवडता रंग लाल, नायक स्पार्टाकस आणि केप्लर, आवडता पदार्थ मासे. ‘कॅपिटल’चा पहिला खंड प्रसिद्ध व्हायला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. त्याच्या ग्रंथांतून विचारवंत दिसतो; या कागदावर मुलींच्या हट्टापुढे नमलेला बाप दिसतो. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही साधने हवी असतात.

४/ पुढे फ्रान्समध्ये किशोरवयीन मार्सेल प्रूस्तने आंत्वानेत फोर या मैत्रिणीच्या वहीत अशीच उत्तरे लिहिली. तिचे वडील फेलिक्स फोर १८९५ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. ही वही १९२४ मध्ये, प्रूस्तच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रकाशात आली आणि २००३ मध्ये तिचा लिलाव झाला. आज जगभर ही प्रश्नावली ‘प्रूस्त प्रश्नावली’ म्हणून ओळखली जाते. वस्तुतः त्याने एकही प्रश्न तयार केला नव्हता. वही मैत्रिणीची, प्रश्न छापणाऱ्याचे, आणि नाव मात्र उत्तर देणाऱ्याचे!

५/ ‘स्लॅमबुक’ हा शब्द अमेरिकेतल्या शाळांमधून आला. तेथे वहीच्या प्रत्येक पानावर एकेका विद्यार्थ्याचे नाव असे आणि बाकीच्यांनी त्याच्याविषयी, बहुधा टोचून, लिहायचे. आपल्याकडे येईपर्यंत त्या वहीचा स्वभाव पालटला. दहावीच्या निरोप समारंभाच्या सुमारास चमकदार मुखपृष्ठाची वही वर्गात फिरू लागे आणि प्रत्येक जण स्वतःविषयी लिही. इतरांना टोचणाऱ्या वहीची आपण आठवणींची वही केली.

६/ परंतु माणसांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची आणखी एक परंपरा आहे, ती राज्यसत्तेची. १८८१ पासून भारतात दर दहा वर्षांनी जनगणना होऊ लागली. नाव काय, वय काय, धर्म, जात, मातृभाषा, व्यवसाय काय? हीसुद्धा ओळख करून घेणेच होते. फरक इतकाच, की येथे उत्तर देणारा स्वतः लिहीत नव्हता. तो सांगे आणि प्रगणक आपल्या रकान्यात बसेल असे लिही. जे रकान्यात बसत नसे, ते कागदावर येत नसे.

७/ १८८२ मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरील तेरावा खंड निघाला. त्यात प्रत्येक समाजाचे घर, पोशाख, अन्न, सणवार आणि सवयी यांचे वर्णन आहे. एका अर्थाने हे जिल्ह्याचे स्लॅमबुकच! मात्र त्यात ‘मी’ कोठेच नाही, सर्वत्र ‘ते’ आहेत. ते असे खातात, ते असे राहतात. पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे, ज्यांच्याविषयी ते लिहिले त्यांतील बहुतेकांना ते वाचताही आले नसते. गॅझेटियर अत्यंत मोलाचे साधन आहे, पण वाचताना हा फरक विसरू नये.

८/ आता माझी उत्तरे. प्रश्न : गाव कोणते? उत्तर : तळवली. रबाळे आणि घणसोली यांच्या दरम्यानचे जुने गाव. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी. बाहेरच्या माणसाला पत्ता सांगताना मात्र आम्ही ‘घणसोली नोड’ म्हणतो. ‘नोड’ आणि ‘सेक्टर’ ही सिडकोची परिभाषा. सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांचे क्षेत्र अधिसूचित झाले. शेते आणि मिठागरे शहरासाठी गेली, वस्तीचे गावठाण तेवढे उरले.

९/ त्याआधीच, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी घ्यायला सुरुवात केली होती. म्हणजे डोंगराकडची जमीन कारखान्यांना आणि खाडीकडची शहराला. आज उंच इमारतींच्या मधोमध अरुंद गल्ल्यांचे एखादे गाव अचानक लागते, तेव्हा नवख्या माणसाला वाटते की गाव शहरात शिरले आहे. घडले ते उलट. शहर गावाच्या शेतात उभे राहिले.

१०/ प्रश्न : आवडता पदार्थ? उत्तर : तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. ही आवड माझी एकटीची नाही, ती आमच्या भूगोलाची आहे. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि आतल्या खाजणात खाऱ्या मातीला दाद न देणारा भात पिकवायचा, ही येथील जुनी शेती. पावसाळ्यात मासेमारी मंदावते, म्हणून उन्हाळ्यातच मासळी सुकवून ठेवायची. शेजारी मिठागरे. ‘आगर’ म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आगरी समाजाचे नाव पडले असे मानले जाते. भात, मासळी आणि मीठ एकाच पाण्याच्या काठावरचे. आज माझ्या ताटातला तांदूळ दुकानातून येतो. चव तीच राहिली, तिच्यामागची शेती उरली नाही.

११/ प्रश्न : आवडते ठिकाण? उत्तर : खाडीचा किनारा. हिवाळ्यापासून येथे हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. कॅमेरे घेऊन येणाऱ्यांसाठी ती पाहण्याची जागा आहे. माझ्या आजोबांसाठी ती राबण्याची जागा होती. चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबी हे त्यांचे पक्ष्यांइतकेच ओळखीचे जग. एकाच पाण्याकडे दोन पिढ्या किती निराळ्या नजरेने पाहतात!

१२/ प्रश्न : आवडते गाणे? उत्तर : धवला. आगरी लग्नात धवलारीण विधींच्या वेळी ही गाणी म्हणते. हळदीपासून पुढचे विधी तिच्या गाण्यावाचून पुरे होत नाहीत. मराठीतील आद्य कवयित्री मानली जाणारी महानुभाव पंथाची महदाइसा हिच्या तेराव्या शतकातील विवाहगीतांचे नावही ‘धवळे’ असेच आहे. त्या धवळ्यांची पोथी झाली म्हणून ते अभ्यासक्रमात आले. धवलारणीचे गाणे मात्र तिच्या कंठातच राहिले. पुढची पिढी शिकली नाही, तर ते तिच्याबरोबर जाते.

१३/ प्रश्न : आदर्श व्यक्ती? या प्रश्नाला एकच नाव लिहिणे मला जमले नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. ज्याची जमीन गेली त्याला विकसित जमिनीचा काही हिस्सा परत मिळावा, हे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. त्यातूनच साडेबारा टक्के योजना आकारास आली. आमच्याकडे ‘साडेबारा टक्के’ हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. त्यामागचे ते दोन दिवस अनेकांना ठाऊक नसतात.

१४/ प्रश्न : छंद? उत्तर : जुने कागद वाचणे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पहिल्यात जमिनीवरील हक्क, दुसऱ्यात पिकांची नोंद. आमच्या घरचे हे कागद वाचताना पुरुषांची नावे पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. आजीचे नाव सापडले ते माहेरच्या हक्कसोडपत्रावर, अंगठ्याशेजारी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला. कायदा आला तरी ‘भावासाठी सही कर’ म्हणणारे घर काही लगेच बदलत नाही. त्या कागदाने आजीला एकच प्रश्न विचारला होता : हक्क सोडता का?

१५/ म्हणून मैत्रिणीचे ते दहा प्रश्न मी आजीलाही विचारले. ती आधी हसली. मग म्हणाली, “असा मना कोनी कंदी इचारलाच नाय.” आवडता पदार्थ विचारल्यावर तिने घरातल्या प्रत्येकाला काय आवडते ते सांगितले. स्वतःचे उत्तर द्यायला तिला दोन दिवस लागले. आवडते ठिकाण मात्र तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले : माहेरचे मिठागर, चांदण्या रात्री. दिवसभर डोक्यावरून मीठ वाहून मान मोडून जाई, पण रात्री त्या राशी पाहत बसावेसे वाटे. हे कोणत्याही रकान्यात आलेले नाही.

१६/ आजीच्या बोलण्यात सन नसतात, खुणा असतात. तिचे लग्न ‘भुईकंपाच्या नंतरच्या उन्हाळ्यात’ झाले. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आणि त्याचे धक्के मुंबईपर्यंत जाणवले होते. म्हणजे लग्न १९६८ चे. थोरल्या मुलाचा जन्म ‘पूल झाला त्या साली’. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मौखिक इतिहास असाच कागदाशी ताडून पाहावा लागतो. स्मृती कधी वर्षे जवळ आणते, कधी दोन घटनांची एक करते. तसेच कागदही पुष्कळ गोष्टी गाळतो. दोघांपैकी एकावर विसंबणे योग्य नाही.

१७/ ‘तुला काय आवडते?’ हा प्रश्न विचारला जाणे ही प्रत्येकाच्या वाट्याला आलेली गोष्ट नाही. मार्क्सला त्याच्या मुलींनी विचारले, प्रूस्तला मैत्रिणीने विचारले, मला मैत्रिणीने विचारले. आजीपर्यंत हा प्रश्न पोहोचायला पंचाहत्तरी जवळ यावी लागली. ज्यांना कोणी विचारले नाही त्यांच्या आवडी नव्हत्या असे नव्हे. त्यांची नोंद झाली नाही, एवढेच. आमच्या पट्ट्यात तर त्या आवडी ज्या जागांना बिलगून होत्या त्या जागाच नकाशावरून गेल्या. मिठागर पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत.

१८/ आपल्यालाही हे करता येईल. घरातील ज्येष्ठांना दहा साधे प्रश्न विचारा. उत्तर सुचवू नका, थांबा. त्यांच्याच बोलीत लिहा, शब्द ‘शुद्ध’ करू नका. परवानगी असेल तर ध्वनिमुद्रण करा. कागदावर दिनांक, ठिकाण, सांगणाऱ्याचे अंदाजे वय आणि विचारणाऱ्याचे नाव अवश्य घाला. सनाऐवजी खूण मिळाली तर ती तशीच ठेवा आणि सन शेजारी वेगळा लिहा. आपल्या आजीआजोबांनी सांगितलेली अशी एखादी कालखूण, म्हणजे पूर, दुष्काळ, पूल, गिरणीचा संप, खाली जरूर लिहा. तिचा सन आपण मिळून शोधू.