वीजपुरवठा-नियोजन, महाराष्ट्रातील

विजेचा मोठा साठा करणे दुष्कर असल्याने मागणी व उत्पादन यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो आणि तो ढळताच ५० हर्ट्‌झची वारंवारता घसरून प्रसंगी सारे जाळेच कोसळते. म्हणूनच केवळ वीजकेंद्रे उभारणे म्हणजे नियोजन नव्हे. मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांनी १९१५ मध्ये खोपोली येथे जलविद्युत् केंद्र सुरू केले खरे, परंतु खेड्यापाड्यांची तजवीज १९४८ च्या वीजपुरवठा अधिनियमान्वये स्थापन झालेल्या राज्य मंडळांकडेच आली; महाराष्ट्राचे मंडळ १९६० चे.

या नियोजनाचा उत्तम नमुना कोयना होय. पूर्ववाहिनी नदीचे पाणी धरणात अडवून, सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस वळवून पोफळीच्या भूमिगत केंद्रात पाडले जाते. औष्णिक संच थंड अवस्थेतून पेटवून पूर्ण भारावर आणण्यास कित्येक तास लागतात, तर येथील जनित्रे काही मिनिटांत भार उचलतात. त्यामुळे सायंकाळी घरोघर दिवे लागून मागणी चढली, की कोयनेची आठवण होते. प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. मात्र कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वार्षिक मर्यादा घातल्याने ही वीज जपूनच वापरावी लागते.

वितरणाची बाजू तुलनेने दुबळी राहिली. भारनियमनाच्या काळात शेतीपंप व गावठाण यांच्या वाहिन्या विलग करण्यात आल्या. गावातले दिवे टिकले, पण मोटर सुरू करण्यासाठी मध्यरात्री कंदील घेऊन विहिरीवर जाणे शेतकऱ्याच्या नशिबी आले. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या स्थापन झाल्या.