फ्रँकलिनचा अंगठा आणि माझा

अंगठ्याला पांघरुणाचं टोक लागलं तरी ब्रह्मांड आठवतं. गाऊट म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बेंजामिन फ्रँकलिनने हे दुखणं पॅरिसजवळच्या पासीत काढलं आणि 1780 मध्ये, वयाच्या 74व्या वर्षी, आपल्याच गाऊटशी संवाद लिहिला. त्यात गाऊटच त्याची हजेरी घेतो: चापून जेवण, मग तासन्‌तास बुद्धिबळ, आणि फिरायला म्हणून घोडागाडी! अशा रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं असतं, हे गॅरड नावाच्या डॉक्टरने 1848 मध्ये दाखवलं. तोवर सगळा अंदाजपंचे कारभार. चालण्याचं फ्रँकलिनला जरा जास्तच कौतुक, असं माझं मत. सुजल्या पायाने चालणार कोण? मला डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल लावलं, बिअर आणि सुकट बंद केली. बिअरचं काही नाही हो, पण शेजारी सुकट भाजली की अजून डोकं फिरतं.