मोटारबोटीचा इंधनदर्शक

मोटारबोटीचा इंधनदर्शक हे टाकीतील इंधनाची पातळी चालकासमोरील तबकडीवर दाखविणारे विद्युत उपकरण आहे. त्याची नोंद चुकीची असल्यास बोट किनाऱ्यापासून दूर बंद पडून वारा व प्रवाह यांच्या स्वाधीन होऊ शकते.

रचना

टाकीच्या वरच्या बाजूस संवेदक बसविलेला असतो. त्याच्या दांडीला जोडलेला तरंगक इंधनाबरोबर वरखाली होतो, त्यामुळे विद्युतरोध बदलतो आणि तबकडीवरील काटा सरकतो. काही संवेदकांत दांडीऐवजी उभी नळी व तिच्यावर सरकणारा चुंबकयुक्त तरंगक असतो. अमेरिकी पद्धतीत टाकी रिकामी असताना रोध सुमारे २४० ओहम व भरलेली असताना सुमारे ३३ ओहम असतो. युरोपीय पद्धतीत तो सुमारे १० ओहमपासून १८० ओहमपर्यंत वाढतो. दोन पद्धतींचे भाग एकत्र जोडल्यास नोंद उलटी येते.

चुकीच्या नोंदीची कारणे

खाऱ्या हवेने गंजलेले जोड व सैल झालेली ग्राउंडची तार ही नेहमी आढळणारी कारणे होत. तरंगकात इंधन शिरणे, दांडी अडकणे, संवेदकाची लांबी टाकीच्या खोलीशी न जुळणे यांमुळेही नोंद चुकते. अनेक टाक्या तळाशी निमुळत्या असतात. अशा टाकीत काटा निम्म्यावर असला तरी इंधन निम्म्याहून कमी असते. वेगात बोटीचा पुढील भाग उचलला गेल्याने इंधन मागे सरकते, म्हणून नोंद बोट स्थिर व समतल असताना घ्यावी.

तपासणी

प्रथम तबकडीला पुरेसा विद्युतदाब मिळतो का, हे मल्टिमीटरने पाहतात. त्यानंतर चावी चालू ठेवून तबकडीमागील संवेदकाची तार काढतात. अमेरिकी पद्धतीत काटा ‘रिकामी’कडे गेला पाहिजे, तबकडीवरील संवेदकाचे टोक ग्राउंडच्या टोकास जोडल्यावर तो ‘भरलेली’कडे गेला पाहिजे. युरोपीय पद्धतीत याच्या उलट घडते. काटा असा हलल्यास तबकडी बहुधा सुस्थितीत असून दोष तारेत किंवा संवेदकात असतो. संवेदकाच्या दोन टोकांतील रोध तार सोडवून मोजतात. बाहेर काढलेल्या संवेदकाची दांडी हलविताना रोध सलग बदलला नाही, तर संवेदक बदलावा लागतो.

दुरुस्ती व दक्षता

गंजलेले जोड घासून स्वच्छ करणे किंवा ग्राउंडची तार नवी घालणे एवढ्यानेही पुष्कळदा दोष दूर होतो. नवा संवेदक त्याच रोधश्रेणीचा व योग्य लांबीचा असावा. त्याखालील गॅस्केटही नवे घालून गळती तपासावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. म्हणून संवेदक काढण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवून जागा हवेशीर करतात, आणि ठिणगी पडू शकेल अशी चाचणी टाकीजवळ करीत नाहीत.

दुरुस्तीनंतर रिकाम्या टाकीत मोजून इंधन भरत काट्याच्या स्थानांची नोंद केल्यास त्या टाकीचे स्वतंत्र कोष्टक तयार होते. तरीही केवळ काट्यावर विसंबून न राहता एकतृतीयांश इंधन जाण्यासाठी, एकतृतीयांश परतण्यासाठी व उरलेले राखीव ठेवण्याचा संकेत नौकाविहारात पाळला जातो.